जुना मेनू ठेवायला तुमचं काय जातं?

नवापूर म्हटलं की बहुतेकांना नंदुरबारकडचं नवापूर आठवतं. तेच, ज्याच्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. माझं नवापूर ते नाही. माझं नवापूर पालघर तालुक्यातलं, बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राला लागून. मागे तारापूर एमआयडीसीचे कारखाने, उत्तरेला अणुऊर्जा केंद्र, पुढ्यात पाणी. गावाच्या नावातच 'नवा' आहे आणि मी या गावात बसून जुन्याची बाजू मांडणार आहे. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

मला कॉम्प्युटरचा जुना मेनू आवडतो. डाव्या कोपऱ्यात बटण, दाबलं की खालून वर उघडणारी यादी, यादीत शब्द, शब्दांच्या पुढे छोटा बाण, बाणावर गेलं की दुसरी यादी. तीन पायऱ्यांत हवं ते हातात. मी चौतीस वर्षांची आहे, म्हणजे "आमच्या काळी" म्हणायचं वय अजून आलेलं नाही. फोन मी तुमच्यासारखाच बोट सरकवून वापरते. तरीही सांगते, गेल्या काही वर्षांत मेनू ज्या पद्धतीने बदलले गेले ती पद्धत उद्धट आहे. ती चुकवायची किंमत भलतेच लोक चुकवतात. आणि "तुम्हाला बदल नको असतो" हे त्यावरचं उत्तर म्हणजे निव्वळ पळवाट आहे.

आधी घरातलं सांगते.

माझ्या बाबांचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात ते होते तो बंद पडला, तेव्हा त्यांनी पन्नाशीच्या जवळ येऊन एमएस-सीआयटी केलं. वर्गात बाकी सगळी पोरं अठरा-वीसची. बाबा पहिल्या बाकावर, दोनशे पानी वही घेऊन. सर जे जे करून दाखवत ते बाबा वहीत उतरवत. इंग्रजी वाचता येत असलं तरी पटकन वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःची भाषा काढली. 'छापायचं: वरच्या पट्टीत डावीकडून पहिलं, खालून चौथं.' 'फोटो लहान करायचा: वरच्या पट्टीत तिसरं, वरून दुसरं, मग आकडा टाकायचा.' अशी पानंच्या पानं. त्या वहीवर त्यांनी दुकान उभं केलं.

या दुकानात काय चालतं ते गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. शिष्यवृत्तीचे फॉर्म, भरतीचे फॉर्म, सातबारा, आधारची दुरुस्ती, वीजबिल. आणि प्रत्येक फॉर्मला तोच एक जाच: फोटो पन्नास केबीच्या आत, सही वीस केबीच्या आत. बाबांचा हात यावर असा बसला होता की ते गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, पडद्याकडे अर्धवट बघत फोटो कापायचे, लहान करायचे, चढवायचे. मोतीबिंदू पिकत होता त्या वर्षीही काम अडलं नाही, कारण ते वाचून काम करतच नव्हते. जागेवरून करत होते.

मग एका सकाळी दुकान उघडल्यावर कॉम्प्युटर वेगळाच दिसला. रात्रीत नवी आवृत्ती आली होती. कोणत्या कंपनीची, ते इथे महत्त्वाचं नाही. आज एक करते, उद्या दुसरी करेल. वरची पट्टी गेली होती, शब्द गेले होते, त्या जागी चित्रं आली होती. फोटो लहान करायची आज्ञा तीन ठिपक्यांच्या मागे, तिथून आणखी एका दाराच्या आत. नेमका त्या दिवशी एका भरतीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी शेजारच्या गावातली एक मुलगी आली. फॉर्म भरून झाला, सही चढेना. आकार मोठा. बाबा शोधत राहिले. माझी दुसरी पाळी होती, फोन लॉकरमध्ये. साडेनऊला ती मुलगी म्हणाली, "काका, मी बोईसरला जाऊन बघते." भावाच्या स्कूटीवरून गेली. रात्री अकराच्या पुढे तिचा फॉर्म भरला गेला, हे नंतर कळलं.

म्हणजे नुकसान काहीच झालं नाही. फॉर्म गेला, मुलीचं काम झालं. पण ती पुढच्या वेळी आमच्या दुकानात आली नाही. तिच्या मैत्रिणीही आल्या नाहीत. "काकांना आता जमत नाही" ही बातमी गावात पसरायला वेळ लागत नाही. बाबांना त्या सकाळपर्यंत सगळं जमत होतं, आणि त्या सकाळपासून त्यांच्यात काहीही बदललं नव्हतं. बदललं होतं यंत्र. न जमण्याचा ठपका मात्र माणसावर बसला.

या लेखातला माझा राग एवढाच आहे. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

मेनू म्हणजे नेमकं काय, याबद्दल आपली समजूत चुकीची आहे. आपल्याला वाटतं ती यादी आहे, वाचायची आणि निवडायची. पहिल्या आठवड्यात ती यादीच असते. नंतर ती जागा होते. स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यासारखी. आई फोडणी देताना डब्यात बघत नाही. मोहरी इथे, हळद तिथे, हिंग कोपऱ्यात. डोळे तेलावर, हात डब्यात. आता रात्री कोणी येऊन वाट्या फिरवल्या, वर "आम्ही संशोधन केलं आहे, हळद मधे असलेली जास्त सोयीची" असं सांगितलं, तर? संशोधन खरंही असेल. पण सकाळच्या फोडणीत हळदीच्या जागी तिखट जाईल. आणि आईला कोणी म्हणणार नाही की तुला बदल नको असतो. म्हणतील, डब्याला हात कोणी लावला?

हातांची ही स्मरणशक्ती काही भावनिक गोष्ट नाही. १९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मोजून दाखवलं की एखाद्या ठिकाणी हात न्यायला किती वेळ लागेल हे ते ठिकाण किती लांब आणि किती मोठं आहे यावर ठरतं. पडद्यांची रचना करणारे आजही या नियमाला धरून चालतात. त्यातून निघालेली एक साधी गोष्ट: पडद्याची कड आणि कोपरा ही सगळ्यात सोपी ठिकाणं, कारण माऊस कितीही जोरात ढकलला तरी तो तिथे अडतो, पुढे जात नाही. नेम धरावा लागत नाही. डाव्या कोपऱ्यातलं बटण बाबांसारख्या थरथरत्या हाताला का सोयीचं होतं, त्याचं कारण हे आहे. जुन्या मेनूच्या प्रेमात असणारे लोक आठवणींत रमलेले असतात असं म्हणणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.

आता थोडा इतिहास. तो तुमच्यातल्या अनेकांच्या जन्माआधीचा आहे म्हणून सांगते.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आली आणि तिच्याबरोबर स्टार्ट मेनू आला. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली. तिने मेनू बदलला, दोन रकान्यांचा केला. पण सेटिंगमध्ये एक गोल ठेवला: 'क्लासिक स्टार्ट मेनू'. टिचकी मारा, जुना परत. कोणालाही नवा घ्यायची सक्ती नाही, कोणालाही जुन्याची लाज नाही. माझ्या मते शहाणपणाने केलेला बदल असाच असतो. २००९ च्या विंडोज ७ मध्ये तो गोल काढून टाकला. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ ने तर बटणच काढलं. टॅब्लेटचा जमाना येतोय म्हणून करोडो माऊसवाल्यांच्या पडद्यावर रंगीत फरशा बसवल्या. वर्षभरात, ८.१ मध्ये, बटण परत आणावं लागलं. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आली, मेनूही परत आला. आणि ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ ने बटण कोपऱ्यातून उचलून मधे नेलं. ते डावीकडे घेता येतं, हे खरं. पण खालची पट्टी वर किंवा बाजूला नेण्याची सोय, जी आधी होती, ती त्या वेळी काढून टाकली. उजव्या क्लिकचा मेनू छोटा केला आणि उरलेलं 'आणखी पर्याय दाखवा' या दाराआड ढकललं.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती विंडोज ८ ची गोष्ट. जगातली एवढी मोठी कंपनी, तिच्याकडे हवी तितकी माणसं, हवं तितकं संशोधन, आणि तरीही तिला वर्षभरात माघार घ्यावी लागली. तेव्हा ज्यांनी तक्रार केली त्यांना काय म्हटलं गेलं असेल? हेच, की सवय होईल. सवय झाली नाही. तक्रार बरोबर होती.

आणि लोक नुसते रडत बसले नव्हते. इव्हो बेल्टचेव्ह नावाच्या एका प्रोग्रामरने 'क्लासिक शेल' लिहिलं, फुकट वाटलं. ते टाकलं की जुना मेनू परत. २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्याने ते काम थांबवलं, तर इतरांनी त्याचा कोड घेऊन 'ओपन-शेल' नावाने पुढे चालू ठेवलं. लिनक्सच्या जगातही हेच घडलं. २०११ मध्ये ग्नोम ३ ने जुना पडदा मोडून नवा मांडला. तेव्हा काहींनी जुन्याचाच कोड घेऊन 'माते' उभं केलं, दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयावरून नाव ठेवून. लिनक्स मिंटवाल्यांनी 'सिनॅमन' केलं. दोन वर्षांनी ग्नोमनेही स्वतःची 'क्लासिक' मांडणी दिली. फावल्या वेळात काम करणाऱ्या मूठभर माणसांना जे जमतं, ते हजारो पगारी इंजिनिअर ठेवणाऱ्यांना परवडत नाही, असं मला कोणी सांगू नये.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. ती बाजू अगदीच पोकळ नाही.

पहिला मुद्दा: जुने मेनू फुगले होते. हे खरं आहे. एकेका प्रोग्राममध्ये शेकडो आज्ञा, याद्यांच्या आत याद्या. ऑफिस २००७ मध्ये वरची मेनूपट्टी जाऊन 'रिबन' आली, तेव्हा ती करणाऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला पटते: लोक ज्या सोयी मागत होते त्यातल्या कितीतरी आधीपासून प्रोग्राममध्ये होत्या, फक्त कोणाला सापडत नव्हत्या. मी स्वतः एक्सेलमध्ये काही गोष्टी रिबन आल्यावरच शिकले. त्याआधी ऑफिस २००० ने दुसरा उपाय केला होता, न वापरलेल्या आज्ञा आपोआप लपवायच्या. तो फसला, कारण मेनू रोज वेगळा दिसू लागला. म्हणजे आजार खरा होता, हे मान्य. पण आजार खरा आहे म्हणून पेशंटला न विचारता ऑपरेशन करायचं का?

दुसरा मुद्दा: नव्या माणसाला नवा मेनू सोपा जातो. माझी भाची बारा वर्षांची आहे, ती चित्रं बघून धडाधड पुढे जाते. मान्य. भाचीला नवा मेनू द्या. मी कुठे म्हणतेय की भाचीने बाबांची वही पाठ करावी? वाद जुनं चांगलं की नवं, हा नाहीच. वाद हा आहे की भाचीला सोपं करताना बाबांचं का काढून घ्यायचं.

तिसरा मुद्दा खरा अवघड आहे: दोन मेनू सांभाळायला खर्च येतो. प्रत्येक बदल दोनदा तपासावा लागतो, चुका दोनदा दुरुस्त कराव्या लागतात, मदतीची पानं दोनदा लिहावी लागतात. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे तपासणीचा खर्च काय असतो हे मला नीट माहीत आहे, त्यामुळे मी तो हसण्यावारी नेत नाही. पण हा खर्च नाहीसा होत नसतो. कंपनीने नाही केला तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतो. बाबांच्या दुकानात पडतो. शाळेतल्या क्लार्कच्या टेबलावर पडतो. तुमच्या आईने "जरा बघ ना रे, हे कुठे गेलं" म्हणून केलेल्या फोनमध्ये पडतो. तो कोणाच्या ताळेबंदात दिसत नाही, एवढंच.

आणि चौथा, सगळ्यांचा लाडका मुद्दा: सवय होते. होते ना. पण कोणाला किती दिवसांत? वीस वर्षांच्या मुलाला दोन दिवस लागतात, तर त्याला तो फार तर एक वैताग. साठीच्या माणसाला दोन महिने लागतात, आणि त्या दोन महिन्यांत तो प्रत्येक गोष्ट दुसऱ्याला विचारतो, विचारताना ओशाळतो, आणि मग एक दिवस म्हणतो, "राहू दे, तूच कर." इतकी वर्षं जे काम स्वतःच्या हाताने केलं ते तो सोडून देतो. त्याला सवय झाली असं आपण म्हणायचं का?

आता माझ्या नोकरीकडे येते, कारण हा राग खरं तर तिथूनच वाढला.

मी एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करते. तिथे 'चेंज कंट्रोल' नावाचा एक फॉर्म असतो. औषधाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही तो माहीत असेल. कशातही बदल करायचा, अगदी बाटलीवरच्या लेबलची जागा बदलायची, तरी तो फॉर्म भरायचा. आत्ता काय आहे, काय करायचं आहे, का करायचं आहे, कोणाकोणावर परिणाम होईल, कोणाला शिकवावं लागेल, फसलं तर मागे कसं यायचं. सगळ्या विभागांच्या सह्या. मग तारीख ठरते. त्या तारखेच्या आधी प्रत्येकाला शिकवलं जातं आणि शिकल्याची सही घेतली जाते. कामाची जुनी लेखी पद्धत गोळा करून तिच्यावर 'रद्द' असा शिक्का बसतो. प्रयोगशाळेतल्या सॉफ्टवेअरलाही हेच लागू. इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दल अमेरिकेच्या एफडीएचा 'पार्ट ११' हा नियम १९९७ पासून आहे आणि तिकडे औषध पाठवणाऱ्या प्रत्येकाला तो पाळावा लागतो. तपासलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी परस्पर बदल करून ठेवला तर ते सॉफ्टवेअर तपासलेलं राहत नाही. रात्रीत अपडेट आलं, सकाळी मेनू बदलला, असं आमच्याकडे झालं तर तो अपघात समजून चौकशी लागेल.

हा फॉर्म भरताना मी अनेकदा वैतागते. पण त्यामागचा विचार सरळ आहे: काम करणाऱ्या माणसाचा हात जिथे बसलाय तिथे बदल केला तर चूक होईल, आणि चूक त्या माणसाची नसेल, बदल करणाऱ्याची असेल.

पडद्याची आणि दिव्यांची मांडणी म्हणजे सजावट नव्हे, हे अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी वाढलेल्यांना तरी कळायला हवं. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माईल आयलंडला अपघात झाला. त्यात एक झडप उघडी राहिली होती. नियंत्रण कक्षातला दिवा सांगत होता की झडप बंद करायचा हुकूम गेला आहे. माणसांनी त्याचा अर्थ घेतला की झडप बंद झाली आहे. त्यानंतर जगभर नियंत्रण कक्षाची मांडणी हा सुरक्षेचा विषय झाला. झेरॉक्सचं दुकान म्हणजे अणुभट्टी नव्हे, हे मला कळतं. पण यंत्राने माणसाशी कसं बोलावं हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. आमच्या कारखान्यात त्याला मान आहे, आमच्या दुकानात नाही. का? कारण कारखान्यात चूक झाली तर कंपनीचं नुकसान होतं. दुकानात झाली तर बाबांचं होतं.

कोणी म्हणेल, बदलाला तुमचा विरोधच आहे. नाही. सार्वजनिक बदल कसा करावा याचे दोन नमुने माझ्या आयुष्यात आहेत.

१ ऑगस्ट २०१४ ला आमचा जिल्हा बदलला. ठाण्याचे आम्ही पालघरचे झालो, राज्याचा छत्तिसावा जिल्हा. प्रत्येक फॉर्ममधल्या यादीत आमची जागा 'ठ'च्या गटातून 'प'च्या गटात गेली. त्रास झाला, जुन्या कागदांवर ठाणे आणि नव्यांवर पालघर, दुकानात रोज समजावून सांगावं लागे. पण तारीख आधी जाहीर होती, कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि फायदा आमचाच होता: जिल्ह्याच्या कामाला ठाण्यापर्यंत जायची गरज संपली.

दुसरा नमुना दादरचा. बोईसरहून मुंबईला जाणाऱ्यांना दादर चुकत नाही. तिथे पश्चिम रेल्वेचाही फलाट क्रमांक एक आणि मध्य रेल्वेचाही एक. नवखा माणूस हमखास चुकायचा. ९ डिसेंबर २०२३ पासून नंबर बदलले. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले, मध्य रेल्वेचे आठपासून पुढे सुरू झाले. आधी बातम्या आल्या, पाट्या लागल्या, घोषणा झाल्या. आणि बघा, निम्म्या लोकांच्या सवयीला हातही लावला नाही. जिथे गोंधळ होता तेवढंच बदललं. रोज लाखो माणसं जिथून धावतात त्या जागेचा 'मेनू' असा बदलता येतो, तर फोटो लहान करायचं बटण सांगून सवरून हलवता येत नाही?

येत असतं. पण मग एक प्रश्न विचारावा लागतो: हा बदल कोणासाठी आहे? नवा जिल्हा आमच्यासाठी होता, दादरचे नंबर प्रवाशांसाठी. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूत दुकानातली ॲप्स 'शिफारस' म्हणून दिसू लागली. बंद करता येतात, पण आधी चालू, मग तुम्ही शोधून बंद करायची. मेनू ही माझ्या कामाची जागा होती, तिथे फलक लागला. नवापूर नाक्यावर फलक लागले की निदान ते फलक आहेत हे दिसतं. इथे तो माझ्याच ड्रॉवरमध्ये, माझ्याच वस्तूंच्या शेजारी ठेवलेला. प्रत्येक नवी मांडणी जाहिरातीसाठीच असते असं मी म्हणणार नाही. पण जुनी मांडणी परत घ्यायची सोय का काढून घेतात, याचं एक उत्तर इथे आहे. जुन्या मेनूत फलक लावायला जागा नव्हती.

आता तुमच्याशी थेट बोलते. तुम्ही हे फोनवर वाचताय. तुमच्यातल्या पुष्कळांनी स्टार्ट मेनू फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिला असेल. तुम्हाला वाटेल, हा आमचा विषय नाही.

आईचा फोन हातात घ्या. खाली बघा. बऱ्याच घरांत तीन बटणं दिसतील: मागे, घर, आणि उघडलेली ॲप्स. तुमच्या फोनवर ती नसतील, तुम्ही बोट सरकवत असाल. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ही सरकवायची पद्धत नीट रुळली, पण तीन बटणांचा पर्याय सेटिंगमध्ये ठेवला गेला. म्हणून तुमची आई आजही न विचारता फोन वापरते. तिला कोणी मागासलेली म्हणत नाही, तुम्हाला कोणी अडवत नाही. दोन्ही पद्धती एकाच फोनमध्ये सुखाने नांदतात. मी जे मागतेय ते अशक्य नाही, तुमच्या घरात आहे.

आणि हेही लक्षात ठेवा की तुमची बोटंसुद्धा आता कुठेतरी बसली आहेत. कुठल्या ॲपमध्ये कुठे दाबायचं हे तुम्ही वाचत नाही, तुमचा अंगठा जाणतो. त्या अंगठ्याला आज कोणी मेहनत म्हणत नाही. पण ती मेहनतच आहे, तुम्ही हजारो वेळा करून कमावलेली. पंधरा वर्षांनी एका सकाळी ती कोणीतरी शून्य करेल आणि तुमच्या पोरीच्या वयाचं कोणी तुम्हाला म्हणेल, "तुम्हाला बदल नको असतो." तेव्हा तुम्हाला माझे बाबा आठवतील.

म्हणून माझ्या मागण्या. मोठ्या नाहीत. मेनू बदलायचा असेल तर आधी सांगा, आणि कधी बदलणार ती तारीख सांगा. जुना मेनू निदान काही वर्षं एका टिचकीवर ठेवा, आणि ती टिचकी मारायची जागा लपवू नका. काय कुठे गेलं याचं एक पान द्या, मराठीत द्या. दुसरीकडे गेलेल्या आज्ञेच्या जुन्या जागी काही दिवस पाटी ठेवा, दुकान हलवताना दुकानदार ठेवतो तशी: आम्ही समोरच्या गल्लीत गेलो आहोत. आणि माझ्या कामाच्या जागेत मी न मागितलेलं काही विकायला ठेवू नका. कायदा लागेल की नुसती लाज पुरेल, ते पुढचं पुढे. पण हे मागणं म्हणजे जुनाटपणा आहे, हे ऐकून घेणं आपण आधी बंद करू.

बाबांच्या कॉम्प्युटरवर मी जुन्यासारखा दिसणारा मेनू टाकून देऊ का विचारलं. ते नको म्हणाले. "पुन्हा रात्रीत जाईल, मग पुन्हा तू दुसऱ्या पाळीला असशील." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता दिसतं नीट. त्यांनी नवी वही आणली आहे. दोनशे पानी, तशीच. दुकान बंद केल्यावर तासभर बसतात आणि एकेक चित्र दाबून बघतात, वहीत उतरवतात. पहिली वही निळ्या शाईने लिहिली होती. ही पेन्सिलने लिहितात.

मी विचारलं का. म्हणाले, "खोडायला बरं."